जुन्या मर्सिडीजची पॉवर अँटेना: मोटर वाजते, दांडी हलत नाही

डिकीतला_रेडिओ

डब्ल्यू१२३ आणि डब्ल्यू१२४ (मर्सिडीजची दोन जुनी मॉडेलं) यांच्या धाग्यांवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "अँटेनाची मोटर गेली, नवीन कुठे मिळेल?" बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते आणि गेलेलं असतं भलतंच काहीतरी. उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत, म्हणून हा वेगळा धागा.

पहिली गाडी १९७६ साली बाजारात आली, दुसरी १९८४ च्या अखेरीस. १९९५ पासून डब्ल्यू१२४ पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात जोडली जाऊ लागली, म्हणून आपल्याकडे ती बऱ्यापैकी दिसते. पण त्यातली सर्वांत धाकटी गाडीही आता पंचविशीच्या पुढे आहे. एवढ्या वयात नायलॉन ठिसूळ होतं, ग्रीसचं मेण होतं आणि कपॅसिटर सुकतात. अँटेनाचे जवळजवळ सगळे आजार या तिघांत बसतात. चौथा आजार पाणी, त्यावर कोकणवाले लिहितीलच.

आत काय असतं ते आधी. मागच्या मडगार्डमध्ये, डिकीच्या अस्तराआड एक डबा उभा असतो (डब्ल्यू१२३ च्या काही गाड्यांत पुढच्या मडगार्डमध्ये). डब्यात छोटी मोटर, तिच्यावर वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर), वर्मवर मोठा गिअर, मग घसरणारा क्लच आणि शेवटी दातेरी चक्र. हे चक्र नायलॉनची दातेरी दोरी वर ढकलतं किंवा खाली ओढतं. दोरीचं वरचं टोक दांडीच्या सर्वांत बारीक तुकड्याच्या बुडाला घट्ट बसवलेलं असतं. बाकीच्या जाड नळ्या पोकळ असतात, दोरी त्यांच्या पोटातून जाते. दांडी खाली आली की उरलेली दोरी डब्यातल्या गोल खणात वेटोळं घालून बसते.

तारा तीन: कायमचे १२ व्होल्ट, अर्थ, आणि रेडिओकडून येणारा इशारा. इशारा आला की दांडी वर, गेला की खाली. रेडिओ बंद झाल्यावरही खाली यायला मोटरला करंट लागतोच, म्हणून एक तार कायमची चालू. जर्मन गाडीत तपकिरी तार म्हणजे अर्थ. आपल्याकडचे वायरमन काळी शोधत बसतात आणि तपकिरीला १२ व्होल्ट देऊन मोकळे होतात. तेवढं सांभाळा.

पाना हातात घेण्याआधी नुसतं ऐका. एकाने रेडिओ लावायचा, दुसऱ्याने डिकीत कान द्यायचा. अजिबात आवाज नाही, तर फ्यूज, अर्थ किंवा इशाऱ्याची तार. एकच 'टक्' आणि पुढे शांतता, तर रिले चाललाय पण मोटरला करंट पुरत नाही किंवा कार्बन ब्रश संपलेत. मोटर मोकळी गुंई करते आणि दांडी ढिम्म, तर दोरी तुटलीय किंवा तिचे दात गेलेत. 'कडकड कडकड' होऊन थांबते, तर क्लच घसरतोय, म्हणजे दांडी कुठेतरी अडकलीय. अर्ध्यात गुपचूप थांबते, तर वेळ मोजणारं सर्किट बघा.

आवाजच नसेल तर पहिला संशय फ्यूजवर. या दोन्ही गाड्यांत गोळीसारखे निमुळते फ्यूज आहेत: पांढरा ८ अँपिअर, लाल १६. टोकांवर पांढुरकी बुरशी धरते आणि फ्यूज दिसतो अख्खा, पण करंट सोडत नाही. जागच्या जागी बोटाने दोन-तीनदा फिरवा. तेवढ्याने अँटेना चालली तर फ्यूज बदला, फिरवण्यावर भागवू नका. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे न घेता तांब्याच्या पट्टीचे घ्या.

सांगलीचा_बेंझ

छान धागा. माझ्या डब्ल्यू१२४ ची लक्षणं: रेडिओ लावला की मोटर मोकळी गुंई करते, पाच-सहा सेकंदांनी बंद. दांडी चार इंच बाहेर. हाताने ओढली तर सहज वर येते, दाबली तर सहज आत जाते. दोरी का?

नटबोल्ट

दोरीच. गिअरमध्ये धरलेली दांडी हाताने अशी लोण्यासारखी हलत नाही. आणि एक विनंती सगळ्यांनाच: पॉवर अँटेना चालू असेल तर हाताने वर-खाली करू नका, दात तिथेच सोलतात.

दांडी आणि दोरी एकत्र जोडून सुट्या मिळतात, अख्खा डबा घ्यायची गरज नाही. बदलायची पद्धत:

डिकीचं अस्तर काढून आधी डबा नजरेखाली घ्या. मडगार्डच्या वर जो नट दिसतो त्याला दोन खाचा असतात. त्यात सरक्लिप पक्कडीची टोकं बसतात. भोवती मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या, पक्कड निसटली तर रंगावर ओरखडा आलाच म्हणून समजा. नट सुटत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून तासभर थांबा. जोर केला तर खाचाच तुटतात आणि मग ग्राइंडर आणावा लागतो.

नटाखाली पितळेची चिरा पाडलेली एक छोटी बाही असते, पाकळ्यांसारख्या स्प्रिंगची. ती दांडीबरोबर वर येते. ती हरवू नका. अँटेनाची केबल आणि दांडी यांचा विजेचा संबंध त्या पाकळ्यांतूनच जोडला जातो. बाही न टाकता दांडी बसवली तर ती झकास वर-खाली होते आणि रेडिओवर फक्त खरखर येते.

आता एकाने रेडिओ लावायचा. दुसऱ्याने दांडी मऊ फडक्यात धरून सरळ वर, मोटरच्या वेगाने ओढायची. दोरी अख्खी असेल तर मोटर ती बाहेर फेकते. या वेळी दांडीवर वाकून बघत उभं राहू नका, ती नेमकी डोळ्याच्या उंचीवर येते. सांगलीकर, तुमची दोरी तुटलेली आहे, त्यामुळे तुमच्या हातात दांडी आणि अर्धीच दोरी येईल. उरलेली डब्यात आहे. ती काढल्याशिवाय नवी घालू नका.

सांगलीचा_बेंझ

म्हणजे डबा उघडायचाच?

नटबोल्ट

हो. बॅटरीचा अर्थ सोडवा, केबलचा आणि तारांचा सॉकेट काढा, खालच्या ब्रॅकेटचा बोल्ट सोडा, रबरी निचरा नळी उपसून घ्या. डबा आतून खाली येतो. टेबलावर पांढरं कापड पसरून झाकणाचे स्क्रू काढा. प्रत्येक थर काढण्याआधी मोबाईलवर फोटो. क्लचमध्ये स्प्रिंग दाबलेली असते, झाकण एकदम उचललं तर ती टुणकन उडते आणि थेट कपाटाखाली.

वेटोळ्याच्या खणातली दोरी काढा. दातांचे साबुदाण्यासारखे पांढरे कण गिअरमध्ये अडकलेले दिसतील, ते जुन्या टूथब्रशने आणि टोचणीने एकेक काढा. एक जरी राहिला तरी नवी दोरी त्याच जागी उडी मारते. डब्यापासून वर जाणारी नळीही फुंकून बघा, तुकडा तिथेही बसतो.

जुनं ग्रीस पिवळं मेण झालेलं असतं. ते खरवडून काढा, फडक्याने पुसा. प्लास्टिकवर पेट्रोल किंवा थिनर नको, काही प्लास्टिक त्याने चिरतात. नवं पांढरं लिथियम ग्रीस वर्म आणि मोठ्या गिअरवर, हरभऱ्याएवढं. क्लचच्या घसरणाऱ्या पृष्ठभागावर अजिबात नाही. तिथे ग्रीस लागलं की क्लच धरणारच नाही आणि तुम्ही पुन्हा मोटरला दोष देत बसाल.

डबा उघडलाच आहे तर मोटरला बाहेरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून १२ व्होल्ट देऊन बघा. दांडी नसताना एक-दोन अँपिअरमध्ये सुरळीत फिरली पाहिजे. अडखळत असेल तर कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा पडलाय. बाराशे नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि दोन पट्ट्यांमधल्या खाचेतली कार्बनची भुकटी सुईने काढा. ब्रश पाच मिलिमीटरपेक्षा आखूड असतील तर बदला.

रेझिस्टर

डब्यात चिकटलेला जुना तुकडा फेकू नका. बाहेर आलेला तुकडा आणि आतला तुकडा टोकाला टोक लावून पूर्ण लांबी मोजा, जाडी मोजा, दहा सेंटिमीटरमध्ये किती दात आहेत ते मोजा. "डब्ल्यू१२४ ला चालते" एवढ्यावर मागवलेली दांडी पुष्कळदा बसत नाही, कारण एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या रचनेच्या अँटेना आल्या आहेत.

लांबीचं गणित मात्र नीट समजून घ्या. दांडी पूर्ण वर असताना दोरीचं खालचं टोक गिअरच्या खाली थोडंतरी उरलं पाहिजे. दोरी आखूड असेल तर शेवटच्या क्षणी ती गिअरमधून निसटते. दांडी वर जाते आणि खाली यायचं नाव घेत नाही. उलट दोरी फार लांब असेल तर वेटोळ्याचा खण भरतो, दांडी तीन-चार इंच बाहेर असतानाच क्लच कडकडायला लागतो. लांब दोरी एक-एक सेंटिमीटर कापत जमवता येते. आखूड निघाली तर परत पाठवा, दुसरा इलाज नाही.

काही अँटेनांत दोरीचं टोक खणातल्या फिरत्या चकतीला आकड्याने अडकवलेलं असतं. तशी असेल तर कापायचा प्रश्नच नाही, टोक जसंच्या तसं जुळलं पाहिजे.

पेठेतला_पाना

तुटलेली दोरी फेविक्विकने चिकटवली तर? वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवायची.

रेझिस्टर

नायलॉनला ते धरत नाही. धरलं तरी जोड कडक होतो आणि खणात वळताना तिथेच काडकन मोडतो. हीट श्रिंकने जाडी वाढते, मग ती बारीक नळीत शिरतच नाही. वेळ घालवू नका.

साठ-सत्तरच्या दशकातल्या काही अमेरिकन गाड्यांत बिनदाती, गुळगुळीत दोरी दोन रोलरमध्ये दाबून ढकलतात. तिथे त्याच जाडीची, त्याच कडकपणाची साधी नायलॉन दोरी चालून जाते. इथे नाही.

नटबोल्ट

नवी दांडी बसवताना: दोरी पाकिटात गुंडाळून येते, तिला वळण पडलेलं असतं. तासभर उन्हात सरळ ताणून ठेवा. दात गिअरच्या बाजूला. कुठली बाजू ते डबा उघडा असतानाच बघून मडगार्डवर टेपने खूण करून ठेवा, नंतर टॉर्च मारून काही दिसत नाही.

दांडी पूर्ण ताणलेली, दोरी भोकातून खाली सोडा. कुठेतरी टेकल्यासारखं लागेल. तिथे हलका दाब देऊन धरा आणि मदतनिसाला रेडिओ आधी लावायला, मग बंद करायला सांगा. बंद केल्यावर मोटर उलटी फिरते आणि दोरी धरते. धरली की हाताला लगेच कळतं, मासा लागलेल्या गळासारखं. मग दांडी सरळ उभी ठेवत तिच्या वेगाने आत जाऊ द्या, ढकलू नका. दोरी धरण्याआधीच मोटर थांबली तर पुन्हा रेडिओ लावा-बंद करा. दोन-तीन फेऱ्या लागणं नेहमीचंच. दांडी आत गेली की बाही सरकवा, नट हाताने आवळा, पाच-सहा वेळा वर-खाली करा आणि मगच पक्कडीने शेवटचा पाव फेरा.

देवगडचा_हापूस

आता पाणी. मडगार्डच्या भोकातून पावसाचं थोडं पाणी दांडीबरोबर आत उतरतंच, रबराचं सील कितीही नवं असलं तरी. ते डब्यात साचू नये म्हणून नळीच्या खालच्या अंगाला निचरा नळी असते. ती डिकीच्या तळातून खाली निघते. टोकाला चाकाचा चिखल बसून ती बुजते, मग पाणी मोटरमध्ये. डिकीच्या त्या कोपऱ्यात कुबट वास येत असेल किंवा गालिचा दमट लागत असेल तर अँटेना चालत असली तरी नळी काढून बघा.

मृगाच्या आधी हे करायचं: सायकलच्या ब्रेकची जुनी तार नळीत आरपार फिरवायची, मग वरून अर्धा पेला पाणी ओतून खाली गळतं का ते बघायचं. वर मडगार्डवरची रबरी गादी चिरली असेल तर बदला. सिलिकॉन भरून भोक बंद करू नका, पाणी आतच अडकतं आणि पुढच्या खेपेला अँटेना काढताना रंगही निघतो.

खाऱ्या हवेत अर्थचा जोड सगळ्यात आधी जातो. डब्याच्या ब्रॅकेटखालचा रंग रुपयाएवढा खरवडून दातेरी वायसर घाला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. खात्री करायची तर मोटर चालू असताना मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा डब्याच्या अर्थला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. मोटर बंद असताना मोजू नका, तेव्हा शून्यच दिसणार.

डिकीतला_रेडिओ

वाचनखूण साठवली.

चेंबूर_सिग्नल

माझा प्रश्न अर्ध्यात थांबण्याचा. दांडी वर जाताना निम्म्यात गप्प थांबते, कडकड नाही. रेडिओ बंद-चालू केला की पुढची निम्मी जाते. हाताला दांडी कुठेही अडकत नाही.

रेझिस्टर

हे लक्षण मोटर ठरावीक वेळ चालवून थांबवणाऱ्या सर्किटचं. त्यात एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वेळ ठरवतो. तो सुकला की त्याची क्षमता घटते आणि वेळही त्याच प्रमाणात घटते. सहा सेकंदांची तीन झाली की दांडी निम्म्यात थांबणारच. कडकड नाही, ही त्याची खूण. यांत्रिक अडथळा असता तर क्लच बोलला असता.

सर्किट डब्याच्या झाकणात किंवा शेजारी वेगळ्या डबीत असतं. कपॅसिटरवर लिहिलेले मायक्रोफॅराड तेच ठेवा, व्होल्टेज २५ किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं घ्या. डिकीच्या पत्र्याआड उन्हाळ्यात ८५ अंशांचा लवकर सुकतो. पट्टीची बाजू निगेटिव्ह, उलटा लावला तर फुगतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतो. हाताशी सोल्डरिंग आहेच तर रिलेच्या पायांवरचे जुने जोडही भिंगाखाली बघा. पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसली तर नवं सोल्डर.

सगळ्या अँटेना वेळेवर थांबत नाहीत. काहींत गिअरवरचा कॅम (उंचवटा) टोकाला पोहोचल्यावर मोटर बंद करणारा लिमिट स्विच दाबतो. तिथे अर्ध्यात थांबणं म्हणजे स्विचच्या पत्त्यावर काजळी धरली असेल किंवा कॅम एक-दोन दात पुढे-मागे बसला असेल. उघडल्यावर मोटरच्या तारेत छोटा स्विच दिसला की समजायचं.

आणि मोटर थांबतच नसेल, दांडी खाली गेल्यावरही कडकड सुरूच राहात असेल, तर रिलेचे पत्ते चिकटलेत. ताबडतोब फ्यूज काढा, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली मिळेल.

चेंबूर_सिग्नल

बदलला. ४७ चा होता, मीटरवर १९ दाखवत होता. आता एका दमात वर जाते.

पेठेतला_पाना

दांडीला तेल कोणतं? मी शिलाई मशीनचं घालतो, महिन्याला दोन थेंब.

नटबोल्ट

नको. तेलावर धूळ बसते, ती नळ्यांच्या फटीत जाऊन खडबडीत लेप होतो आणि दांडी जड होते. दांडी जड झाली की भार दोरीच्या दातांवर. दांडी पूर्ण वर करून रॉकेलने ओलं केलेलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवायचं, दोनदा वर-खाली करायची, प्रत्येक वेळी काळं निघेल ते पुसायचं. शेवटी कोरडं फडकं. बस्स.

पेठेतला_पाना

रॉकेल आता मिळतं कुठे! शिवाय पंधरा वर्षं मशीनचंच तेल चाललंय.

रेझिस्टर

आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल, मेडिकलमध्ये मिळतं. आणि तेलाच्या विरुद्ध दुसरं कारण विजेचं आहे: एका नळीतून दुसरीत संबंध घासून जोडला जातो. मध्ये तेल-धुळीचा लेप आला की दांडी गाडीच्या धक्क्यांबरोबर जोडते-तुटते, रेडिओवर चर्रचर्र येते. रस्ता गुळगुळीत असताना स्वच्छ, खड्ड्यात खरखर, असं असेल तर हेच. (पुण्यात ही चाचणी घेणं अवघड, कबूल.)

अकोला_एफएम

नवीन ब्लूटूथ स्टिरिओ बसवलाय. अँटेना सदैव वर राहते, पेनड्राइव्ह चालू असला तरी. तार कुठली?

रेझिस्टर

स्टिरिओच्या मागे दोन निळ्या तारा असतात. नुसती निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरसाठी. निळी-पांढरीला स्टिरिओ चालू असेपर्यंत १२ व्होल्ट असतात, निळीला बहुतेक स्टिरिओंत फक्त रेडिओ लावल्यावर. तुमची निळी-पांढरीला जोडलेली दिसते. आयएसओ सॉकेट असेल तर पॉवरच्या ब्लॉकमधली पाचवी पिन अँटेनाची, चौथी कायमचे १२ व्होल्ट, सातवी चावीचे, आठवी अर्थ. स्टिरिओत एकच निळी-पांढरी असेल तर त्या तारेत डॅशबोर्डखाली साधा चालू-बंद स्विच घाला. गाडी धुताना आणि ठेंगण्या पार्किंगमध्येही तो उपयोगी पडतो.

ही तार इशाऱ्यापुरती आहे, तिच्यावरून मोटर चालवायची नाही. बऱ्याच स्टिरिओंत तिची मर्यादा ३०० मिलिअँपिअर असते, मोटर ओढते तीन-चार अँपिअर. थेट जोडली तर स्टिरिओतला ट्रान्झिस्टर जळतो. अँटेनात स्वतःचा रिले असेल तर काही करावं लागत नाही, इशाऱ्याला किरकोळ करंट पुरतो.

आधीच्या दोन तारांच्या अँटेना, ज्यांच्यात डॅशवरच्या खटक्याने मोटर उलटसुलट फिरते, त्यांचं वेगळं. मूळ खटका मिळत नसेल तर पाच पिनचे दोन रिले: दोन्हींची ८७ नंबरची पिन कायमच्या १२ व्होल्टला ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून, दोन्हींची ८७ए अर्थला, दोन्हींची ३० मोटरच्या एकेका तारेला. पहिला ओढला की वर, दुसरा ओढला की खाली, दोन्ही सोडले की मोटरची दोन्ही टोकं अर्थला आणि मोटर जागीच थांबते. प्रत्येक कॉइलला एक १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. खटका मात्र सोडल्यावर मध्यभागी परत येणाराच घ्या. चिकटून राहणारा घेतला तर टोकाला पोहोचल्यावरही मोटर दाबतच राहते.

श्टुटगार्टकर

थंडीच्या देशातल्या मंडळींसाठी एवढंच: दांडीवर पाणी गोठलेलं असताना रेडिओ लावू नका. मोटर ओढते, बर्फ सोडत नाही, मध्ये दोरी मरते. इशाऱ्याच्या तारेतला वर सांगितलेला स्विच हिवाळाभर बंद ठेवणं सोपं.

सांगलीचा_बेंझ

दांडी बसली, वर-खाली होतेय. एफएम झकास. पण मिडियम वेव्हवर आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ जेमतेम येतं. रेडिओ जुनाच, बेकर कंपनीचा. केबल कुरतडलेली होती म्हणून ती काढून टीव्हीची केबल टाकली.

रेझिस्टर

केबलच! एफएमला १०० मेगाहर्ट्झवर तरंगलांबी ३ मीटर, तिचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर. दांडी साधारण तेवढीच असते, म्हणून एफएम कशानेही येतं. मिडियम वेव्हवर ७९२ ची तरंगलांबी ३७९ मीटर. तिथे तुमची दांडी म्हणजे दहा-पंधरा पिकोफॅराडचा इवलासा कपॅसिटर. केबलची क्षमता या दांडीला समांतर बसते आणि सिग्नल खाते. गाडीच्या अँटेनाच्या केबलमध्ये मधली तार केसासारखी बारीक आणि भोवती बरीचशी हवा असते, ती मुद्दाम. आरजी-६२ जातीच्या केबलला मीटरमागे साधारण ४४ पिकोफॅराड. टीव्हीची आरजी-६ साधारण ५५ च्या आसपास, आरजी-५८ तर शंभराच्या घरात. डिकीपासून डॅशपर्यंत साडेचार मीटर धरले तर हिशेब तुम्हीच करा. गाडीचीच केबल आणा, मधली तार जोडून लांबवू नका.

मल्टिमीटरने तपासणी: दांडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत काही ओहम, पिन आणि बाहेरच्या कड्यात अजिबात संबंध नाही, बाहेरचं कडं आणि गाडीचा पत्रा एक ओहमच्या आत. पिन आणि कड्यात ओलाव्यामुळे काही किलोओहम दिसले तरी मिडियम वेव्ह मरते, एफएम चालत राहतं. दांडीच्या बुडाचा इन्सुलेटर सुकवून पुन्हा मोजा.

डिकीतला_रेडिओ

आणि ट्रिमर. जुन्या रेडिओला अँटेनाच्या सॉकेटजवळ किंवा पुढच्या नॉबआड एक छोटा स्क्रू असतो, केबल किंवा दांडी बदलली की तो नव्याने जुळवावा लागतो. दांडी पूर्ण वर करायची, मिडियम वेव्हच्या वरच्या टोकाला, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एखादं क्षीण स्टेशन किंवा नुसती खरखर पकडायची आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत फिरवायचं. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर असेल तर उत्तम, लोखंडी जवळ नेल्यानेच जुळणी हलते. जोरदार स्टेशनवर जुळवू नका, तिथे रेडिओ आपोआप आवाज सावरतो आणि फरक कळत नाही.

मुंबईकरांनी आकाशवाणी मुंबईच्या ५५८ वर जुळवू नये, ते बँडच्या खालच्या टोकाला आहे.

पद्मिनी_७८

हीच अँटेना पद्मिनीला बसवता येईल का? कुर्ल्याला जुन्या पार्टवाल्याकडे एक दिसली.

नटबोल्ट

बसवता येते, पण शोभत नाही. पद्मिनीच्या पुढच्या मडगार्डमध्ये डबा उभा करायला खोली आहे का ते आधी पुठ्ठ्याचा डबा कापून मोजा. चाक पूर्ण वळवून आणि गाडी जॅकवरून उतरवून, दोन्ही वेळा. युनिव्हर्सल अँटेनाला बावीस ते पंचवीस मिलिमीटरचं भोक लागतं, मूळ हाताच्या अँटेनाचं भोक लहान असतं, आणि एकदा मोठं केलेलं भोक लहान होत नाही. चाकाच्या बाजूने डब्याला मडफ्लॅपच्या रबराचं आवरण लागेल. मला विचाराल तर हाताने ओढायचीच ठेवा.

पद्मिनी_७८

पुठ्ठा कापून बघितला. चाक उजवीकडे पूर्ण वळवलं की घासतो. बेत रद्द.

सांगलीचा_बेंझ

गाडीची केबल टाकली, ट्रिमर सव्वा फेरा फिरवल्यावर ७९२ खणखणीत. एक बारीकसं राहिलंय: नट आवळल्यावर दांडी शेवटचा अर्धा इंच जात नाही, सैल केला की पूर्ण जाते.

नटबोल्ट

बाहीच्या पाकळ्या नटाखाली आत दबतायत. बाही काढून पाकळ्या टोचणीने किंचित बाहेर उघडा, वरची कड नटाच्या खोबणीत नीट बसतेय का बघा. जास्त उघडू नका, नाहीतर दांडीला टेकणार नाहीत आणि पुन्हा खरखर.

सांगलीचा_बेंझ

एक पाकळी दुमडली होती. झालं. टोकाचा गोळा आता नटाला टेकतो.